पंचावन्न मिनिटं

शाल्मलीने तिकीट पाठवलं, आणि खाली एक ओळ:
मधे फक्त पंचावन्न मिनिटं आहेत, बाबा, जमेल ना?
मग त्या मधल्या विमानतळाचा नकाशा,
बी-चव्वेचाळीसपासून झेड-एकोणसत्तरपर्यंत
तांबडी रेघ,
पोटहिश्श्याच्या हद्दीसारखी वाकडी.
चौदाशे मीटर.

मी भूमी अभिलेखात एकतीस वर्षं काढली.
चौदाशे मीटर म्हणजे माझ्या हिशेबी
तेहतीस फुटी साखळीने
एकशे एकोणचाळीस साखळ्या, वर तीन आणे.
पण अंतर कागदावर कळत नाही,
ते पायाखाली घालावं लागतं.

म्हणून सहकारनगरात, आमच्या फाटकापासून
अरण्येश्वराला वळसा घालून परत डेअरीपर्यंत
तेवढंच आखून घेतलं.
फाटक म्हणजे विमानाचं दार.
रसवंतीपाशी पासपोर्टची रांग.
देवळात चपला काढायच्या, ती सुरक्षा तपासणी;
कमरेचा पट्टा मात्र देवापुढे सोडला नाही.
सरकता रस्ता आपल्याकडे नाही,
महापालिकेने खणलेला आहे,
तो उलटा सरकतो असं धरायचं.

बॅगेत सात किलो: तूरडाळीची चार पाकिटं,
बाकी भरतीला पितळी खलबत्ता.
चाकं अशी खडखडायची
की पोफळे रोज बाल्कनीत.
"निघालात?"
"नाही."
"मग आलात?"
याहून जास्त खुलासा
आमच्या गल्लीत कोणी कुणाला देत नाही.

विमानाचं दार वीस मिनिटं आधी मिटतं.
म्हणजे हातात पस्तीस.
मी एकटा, बावीस.
हेमासकट, एक्केचाळीस.

व्हीलचेअर सांगून ठेवू का, शाल्मलीने विचारलं.
"मी आजारी नाही," हेमा म्हणाली, "सावकाश आहे."

ही वरची सहा मिनिटं जातात कुठे,
म्हणून चौथ्या दिवशी जुनी मोजणीवही खिशात घातली
आणि तिच्या नकळत टिपत गेलो:
लंगड्या कुत्रीला पोळी, दोन.
फुलवालीच्या मुलीचा दहावीचा निकाल, तीन.
गुडघा, एक.
गुडघा, एक.
चष्म्याच्या दुकानाच्या काचेत केस, अर्धं.
कोपऱ्यावर थांबून
मी किती पुढे गेलोय ते बघणं, दोन.
बेरीज साडेनऊ.

शेवटची नोंद खोडायला गेलो.
मग राहू दिली.

मोजणीत एक जण साखळी ओढत पुढे जातो,
दुसरा मागे, खुंटीवर टोक दाबून बसतो.
मागचा हलला की माप चुकतं.
बजाबा एकवीस वर्षं माझ्यामागे तसा बसला,
उन्हात, काट्यात, एकदा मधमाश्यांत.
त्याच्याकडे न वळता मी फक्त "धर" म्हणायचो.
घरी फार वेगळं बोललो असेन
असं वाटत नाही.

पाचव्या दिवशी बॅग तिच्या हातात दिली
आणि मी मागे राहिलो.
मागून पाहिलं तर
ती डावा पाय जरा बाहेर टाकते.
हे कधीपासून, विचारायचं राहिलं,
कारण ती पुढे होती
आणि फुलवालीशी बोलत होती.
चव्वेचाळीस मिनिटं. वहीत लिहिली नाहीत.

गुरुवारी शाल्मलीचा फोन: तिकीट बदललं,
आता मधे चार तास दहा मिनिटं,
आरामात, बाबा.
खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला.
हेमा डाळ परत डब्यात ओतत होती.
"चार तास?" ती म्हणाली,
"तिथे ओळखीचं कोण आहे आपलं?"

शुक्रवारी सहाला सवयीने जाग आली.
खलबत्ता बॅगेतच राहिला होता.
ती रात्रीची पोळी कागदात गुंडाळत दारात उभी,
एक चप्पल पायात, एक हातात.
"येताय," म्हणाली, "की आजचं विमान रद्द?"